दोन क्लीनर एकत्र ओतले तर बाथरूममध्ये काय होतं?

आजचा विषय तुमच्या बाथरूमच्या फळीवरच ठेवलेला आहे.

सीन असा. रविवार सकाळ, संडास घासायचाय. टॉयलेट क्लीनर टाकला, पिवळे डाग जाईनात. मग वरून ब्लीच ओतलं. दोन्ही स्ट्राँग, म्हणजे डबल सफाई, बरोबर? रीलमध्ये असले जुगाड दिसतातही. पण थांबा.

बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ऍसिड असतं. ब्लीचमध्ये असतं सोडियम हायपोक्लोराइट. ही दोघं भेटली की क्लोरिन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता, तोच हा. क्लोरिन हवेपेक्षा साधारण अडीचपट जड, त्यामुळे तो खंदकात उतरून साचला. आता आपली बाथरूम आठवा. दार लावलेलं, खिडकी पार वर, आणि आपण ब्रश घेऊन उकिडवे बसलेलो. म्हणजे नाक नेमकं खाली!

हा वायू डोळ्यांतल्या, घशातल्या, फुफ्फुसातल्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथेच ऍसिड तयार करतो. म्हणून डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, छाती आवळते. आपल्याला वाटतं, वास उग्र आहे म्हणजे काम जोरात चाललंय. तिथेच फसतो आपण.

ब्लीचिंग पावडर आणि ऍसिड, तरी तेच. व्हिनेगर किंवा लिंबू ब्लीचमध्ये, तरीही क्लोरिनच. ब्लीच आणि अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे, यातून क्लोरामाइन नावाचे वेगळे विषारी वायू निघतात. आणि दारावर कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत 'ऍसिड' विकत मिळतं ना, त्यावर तर लेबलच नसतं. माझं मत विचाराल तर ते घेऊच नका. एक वापरून झाल्यावर दुसरंच हवं असेल, तर आधी भरपूर पाणी ओतून फ्लश करा आणि ते काम दुसऱ्या दिवसावर टाका.

चुकून मिसळलंच तर? श्वास रोखून लगेच बाहेर, मोकळ्या हवेत. 'तेवढं पाणी मारून येतो' म्हणत परत आत जायचं नाही. डोळे जळत असतील तर दुसऱ्या नळावर १५ मिनिटं साध्या पाण्याने धुवा. खोकला थांबत नसेल, दम लागत असेल तर १०८ लावा. बरं वाटलं तरी त्या दिवशी घरात कुणाला तरी सांगून ठेवा, कारण फुफ्फुसात पाणी साचण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. डॉक्टरांना नुसतं 'काहीतरी केमिकल' सांगू नका, दोन्ही बाटल्यांची नावं सांगा. लेबलचे फोटो आजच काढून ठेवलेत, तर त्यासाठी परत बाथरूममध्ये जावं लागणार नाही.