वाचनदोषाची परीक्षा कोणत्या भाषेत?

प्रत्येक वर्गात असा एखादा विद्यार्थी असतो, की जो ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगतो, तोंडी प्रश्नाला सर्वांआधी हात वर करतो. मात्र तोच धडा मोठ्याने वाचावयास सांगितला की अक्षरे गाळतो, ओळ चुकतो आणि अखेर मान खाली घालून उभा राहतो. अशा मुलाची बोळवण आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘अभ्यासात लक्ष नाही’ या एका शेऱ्यावर केली. वस्तुतः या अवस्थेला ‘डिस्लेक्सिया’ हे नाव रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ मध्येच दिले होते. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. या मुलाला स्वतःचे नावही नीट लिहिता येत नसे. तरीही शिक्षण सर्वस्वी तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते.

आपल्याकडे या प्रश्नाला राजमान्यता मिळण्यास मात्र शंभर वर्षे लागली. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देऊ केल्या. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि हा शब्द घरोघरी पोहोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाने तिचा समावेश दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत केला. परिणामी आता पालक खाजगी तपासणीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला जातात, काही हजार रुपये खर्च करतात आणि इंग्रजीत छापलेला जाडजूड अहवाल घेऊन परततात. त्या अहवालात मुलाची तपासणी कोणत्या भाषेत झाली, हे पाहण्याचे मात्र सहसा कोणास सुचत नाही. आपल्या सीमाभागात तर हाच प्रश्न पहिला असावयास हवा.

याचे कारण उघड आहे. बेळगावातील मराठी माध्यमाच्या मुलाला देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या हाताळाव्या लागतात. त्यांपैकी इंग्रजी त्याच्या कानांवर सर्वांत कमी पडते. त्याची तपासणी केवळ इंग्रजी उताऱ्यावर केली, तर तो अडखळणारच. पण ते अडखळणे वाचनदोषाचे की अपुऱ्या सरावाचे, हे त्यावरून मुळीच ठरत नाही. खरा वाचनदोष कमीअधिक प्रमाणात प्रत्येक लिपीत डोकावतो. मराठी सफाईने वाचणारे मूल इंग्रजीतच अडत असेल, तर त्याला बहुधा चिकित्सेची नव्हे, चांगल्या इंग्रजी शिक्षकाची गरज आहे.

याची दुसरी बाजूही आहे. इंग्रजीत अक्षर आणि उच्चार यांची फारकत पावलोपावली आढळते. देवनागरीत ती फार कमी. त्यामुळे वाचनदोष असलेले मराठी मूल अनेकदा शब्द बरोबर वाचते, परंतु एकेक अक्षर जुळवीत, अतिशय संथपणे. आणि वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरून जाते. केवळ चुका मोजणाऱ्या परीक्षकाला हे मूल निर्दोष वाटेल. म्हणून मराठीत वाचनाचा वेगही मोजला पाहिजे. शिवाय आपल्या लिपीच्या अडचणी निराळ्या आहेत: ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील साम्य, काना-मात्रा गळणे, ‘र’ची रफारासह नाना रूपे आणि जोडाक्षरांचा चक्रव्यूह. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना मात्र फार महत्त्व देऊ नये. त्या मोजावयाच्या ठरवल्या, तर आपल्यापैकी पुष्कळ सुशिक्षित या व्याधीत गणले जातील! घरी बोलली जाणारी बेळगावी बोली मुलाच्या उत्तरांत उतरली, तर तोही दोष नव्हे. बाहेरगावच्या परीक्षकाला हे आपण होऊन सांगावे.

मग योग्य तपासणी कशी असते? प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत, कारण चष्म्याचा नंबर हेही अडखळण्याचे कारण असू शकते. त्यानंतर परीक्षक मुलाचा जन्मापासूनचा आणि शाळेतला इतिहास विचारतो, वह्या पाहतो. उतारा, सुटे शब्द आणि निरर्थक शब्द वाचून घेतो. निरर्थक शब्दांचे कारण असे, की ओळखीचा शब्द मूल आकारावरून ताडते. अनोळखी शब्दात मात्र अक्षरे जुळवावीच लागतात. श्रुतलेखन होते. ‘कमळ’मधून ‘म’ काढला तर काय उरते, असे ध्वनींचे खेळ होतात. ‘कळ’ हे उत्तर देण्यास मुलाला किती वेळ लागतो, यावरून पुष्कळ बोध होतो. हे सारे एका बैठकीत उरकणारा परीक्षक घाई करतो आहे, असे समजावे.

बुद्धिमापन हा यातील नाजूक भाग. त्यासाठी भारतात वापरली जाणारी एक प्रमुख कसोटी नागपूरच्या आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये तयार केली. तिच्या शाब्दिक भागात शब्दार्थ आणि सामान्यज्ञान विचारतात. तो भाग मुलाला परक्या भाषेत विचारला, तर बुद्ध्यंक खाली येतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या सूचनांत बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच पुढील चाचणी करावी, असा दंडक होता. म्हणजे भाषेच्या अडथळ्यामुळे बुद्धिमान मुलाची गणना मंदबुद्धीत व्हावी आणि त्याची वाचनाची तपासणीच होऊ नये, हा धोका काल्पनिक नव्हता. या सूचना २०२४ मध्ये नव्याने निघाल्या. तरी बुद्धिमापनाची भाषा विचारून घेण्याची गरज संपलेली नाही.

सुदैवाने आता मराठी साधन उपलब्ध आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत सिद्ध केला आणि तो २०१५ मध्ये प्रकाशित झाला. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी असलेल्या या संचात शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणी आणि मानसशास्त्रज्ञांसाठी पूर्ण तपासणी असे दोन भाग आहेत. मराठी आणि कन्नड एकाच संचात असणे ही आपल्या गावाला तर पर्वणीच. वेळ ठरवितानाच पालकांनी परीक्षकाला विचारावे: मराठी चाचणी आपणाजवळ आहे काय? भारतीय पुनर्वास परिषदेकडे आपली नोंदणी आहे काय? १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या परिषदेच्या नोंदपटात चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची नावे असतात. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा नाही.

खाजगी अहवाल आणि शासकीय प्रमाणपत्र या मात्र दोन भिन्न वस्तू आहेत. मुलाला उद्यापासून कसे शिकवावे, हे अहवालावरून कळते. कायद्याने मिळणाऱ्या हक्कांसाठी शासननियुक्त वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते, आणि उच्च शिक्षणातील व नोकरीतील आरक्षणासाठी त्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्व नमूद असावे लागते. २०१८ च्या केंद्रीय सूचनांप्रमाणे, लेखनिकास पात्र असलेल्या अशा परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात. तीन तासांच्या पेपराला एक तास. म्हणून खर्च करण्यापूर्वी परीक्षा मंडळाला कोणाचे प्रमाणपत्र चालते, हे शाळेमार्फत विचारून घ्यावे. अर्थात आठ वर्षांच्या आत प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून शिकवण्याची मदत लांबणीवर टाकणे हा शुद्ध अविचार होय.

आता थोडे मोठ्यांविषयी. या पुस्तिकेच्या वाचकांत काही माजी विद्यार्थी असे असतील, की ज्यांनी आयुष्यभर अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतले आणि आपल्या मुलाची तपासणी होताना प्रथमच स्वतःला ओळखले. तपासणीला वयाची अट नाही. अडचण साधनांची आहे: ‘डाली’ पाचवीपर्यंतच जाते आणि बंगळुरूच्या निम्हान्सचा चाचणीसंचही लहान मुलांसाठीच रचलेला आहे. साहजिकच प्रौढांच्या बाबतीत परीक्षक लहानपणीच्या पुराव्यावर अधिक विसंबतो. जुनी प्रगतिपुस्तके, वह्या, शिक्षकांचे शेरे यांना येथे मोल येते. ज्यांच्याजवळ ती उरली नाहीत, त्यांनी परीक्षकाकडे जाण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयात लेखी अर्ज करून जुन्या निकालपत्रकांतील आपल्या नोंदींची प्रत मागावी.