पहाटेच्या बाळाची तारीख

‘पोळ्याच्या रात्री, कोंबडं आरवायच्या आधी मोकळी झाली.’ सुनेला घेऊन आलेली सासू असं सांगते, तेव्हा नर्स लगेच विचारते, ‘बारा वाजून गेले होते का?’ कारण आजीचा दिवस सूर्योदयाला बदलतो आणि दवाखान्याचा मध्यरात्री. रात्री पावणेतीनला जन्मलेलं बाळ आजीच्या लेखी पोळ्याचं, तर आमच्या रजिस्टरात मारबतीच्या दिवसाचं. चंद्रपूर-गडचिरोलीत काम करणाऱ्याला हा प्रश्न विचारायची सवयच लागते.

गंमत अशी की संगणकही आजीसारखाच वागतो. बहुतेक संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून सरलेल्या सेकंदांत, आणि ही मध्यरात्र आपली नसून ग्रिनिचची. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे संगणकाच्या पोटातली तारीख बदलते आपल्या पहाटे साडेपाचला, जवळजवळ सूर्योदयालाच! १ डिसेंबरला पहाटे २.४०ला जन्मलेल्या बाळाची वेळ तिथे ३० नोव्हेंबर, रात्री ९.१० अशी असते. यात चूक काही नाही, क्षण तोच आहे. चूक होते ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने भारतीय वेळेत रूपांतर करण्याआधीच त्यातली तारीख कापून घेतली तर. मग बाळ एक दिवस आधी जन्मते, महिनाही बदलतो. बारा ते साडेपाच म्हणजे दिवसाचा जवळपास चौथा भाग. एवढ्या वेळात जन्मणारी बाळे काही थोडी नसतात.

एका दिवसाने काय बिघडते? मोठ्या माणसाचे काही नाही. नवजात बाळाचे मात्र सगळेच दिवसांवर आणि तासांवर चालते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा दिली. तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे २०११ पासून देशभर आशाताई ठरलेल्या दिवशी बाळाकडे जाऊ लागल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवशीही. हे वेळापत्रक मोबाइल काढून देणार असेल, तर जन्मतारीख बरोबर हवीच.

त्याहून नाजूक प्रकरण काविळीचे. पहिल्या २४ तासांत बाळ पिवळे दिसले तर आम्ही ते कधीच साधे समजत नाही. नंतरची कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते. आता वरच्याच बाळाची तपासणी त्या रात्री १०.४०ला झाली, असे धरा. वय २० तास. पण जन्मवेळ ग्रिनिचची आणि तपासणीची वेळ भारतीय, अशी वजाबाकी झाली तर पडद्यावर दिसतील साडेपंचवीस तास. धोक्याची कावीळ साध्या रकान्यात जाऊन बसली!

साडेपाच तासांचा हा हिशेबही तसा अलीकडचाच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. ती ३९ मिनिटे मागे होती. सूर्याला विचाराल तर आजही गडचिरोली मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढेच आहे. जगभरातल्या अशा बदलांची नोंद ठेवणारी एक सामाईक यादी असते आणि संगणक, फोन तिच्यावर चालतात. तिच्यात अख्ख्या भारताला ‘एशिया/कोलकाता’ हे एकच नाव आहे.

जंगलातल्या गावांत आणखी एक भानगड असते. नेटवर्क नाही, बॅटरी पूर्ण उतरली, की काही फोन चालू होताना १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ दाखवतात. तीच नोंदीवर चिकटते. शाळेतल्या गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख वाटलेल्या आपल्या पिढीला याचे नवल वाटू नये म्हणा.

यावर उपाय आहेत. जन्मतारीख ही निव्वळ तारीख म्हणून साठवायची, तिला घड्याळ जोडायचेच नाही. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत अशी सोय २०१४ साली आली. घटनेची वेळ मात्र ‘अधिक साडेपाच’ या शिक्क्यासह लिहायची आणि फोनने सांगितलेली वेळ व नोंद पोहोचल्याची वेळ, दोन्ही ठेवायच्या.

वाचकांनी आपल्यापुरते एवढे करावे: घरात बाळ आले की डिस्चार्ज कार्ड, लसीकरण कार्ड आणि जन्मदाखला यांवरची तारीख ताडून पाहावी. रात्री बारानंतर, साडेपाचच्या आत जन्म झाला असेल तर नक्कीच. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. फरक दिसला तर तेव्हाच सांगावा.