बरगे घातले, नदी थांबली

जुलै उजाडला की कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी. भोगावतीवरचे राशिवडे, हळदी. वेदगंगेवरचे निळपण, वाघापूर, गारगोटी, म्हसवे, कुरणी, बस्तवडे, चिखली हे बंधारे पाण्याखाली. बाहेरच्या माणसाला ही यादी संकटाची वाटते. इथला माणूस ती वाचून एवढंच ठरवतो की आज कोणत्या वाटेनं जायचं आणि दुधाची गाडी कुठून फिरून येणार. बंधारा पाण्याखाली जाणं हा अपघात नसतो. पुरानं डोक्यावरून निघून जावं, अशाच हिशेबानं तो बांधलेला असतो.

सरकारी कागदावर याचं नाव ‘को. प. बंधारा’, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. अभियंते त्याला केटी वेअर म्हणतात. मराठवाड्यापासून विदर्भापर्यंत नद्यांवर शेकड्यांनी बांधलेली ही रचना कोल्हापूरचं नाव घेऊन राज्यभर फिरली. पण ती तिच्या घरी पाहायची तर गारगोटीला मुक्काम करावा आणि वेदगंगेच्या काठानं वर-खाली हिंडावं.

वेदगंगा ही तशी छोटी नदी. भुदरगड तालुक्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, रांगणा किल्ल्याच्या परिसरातल्या डोंगरांतून ती येते. पाटगावला तिच्यावर मातीचं धरण आहे. गावात ज्यांचा मठ आहे त्या मौनी महाराजांवरून जलाशयाला मौनी सागर म्हणतात. साठा सुमारे पावणेचार टीएमसी. कोयनेच्या शंभराहून अधिक टीएमसीपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण या खोऱ्याचा सगळा उन्हाळा त्याच्यावर निघतो. तिथून नदी कडगाव, गारगोटी करत मुरगूडच्या बाजूला उतरते, कागल तालुका ओलांडून कर्नाटकात शिरते आणि दूधगंगेला मिळते. पुढे दूधगंगा कृष्णेला.

या वाटेवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. मे महिन्यात काठानं गेलं तर नदी वाहताना फारशी दिसतच नाही. एका बंधाऱ्यामागचं पाणी जिथं संपतं, तिथं थोडे खडक, थोडी वाळू लागते आणि लगेच खालच्या बंधाऱ्याचा फुगवटा सुरू होतो. काठावर जॅकवेल, विजेचे खांब, उसात शिरणाऱ्या पाइपलाइनी. म्हशी मात्र नदीत पूर्वीइतक्याच निवांत बसलेल्या.

रचना म्हणाल तर अगदी साधी. नदीच्या पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब, दोन खांबांमध्ये साधारण दोन मीटरचा गाळा. खांबांच्या बाजूंना उभ्या खाचा. त्या खाचांत वरून आडव्या फळ्या सोडायच्या, एकीवर एक. या फळ्या म्हणजे बरगे. जुन्या बाजारपेठेतल्या दुकानांना फळ्यांची दारं असत, सकाळी एकेक काढायची आणि रात्री खोबणीत सरकवायची, तसलाच हा प्रकार. दुकानाच्या फळ्या उभ्या, इथले बरगे आडवे. लाकडी बरग्यांच्या काळात दोन खाचांत दोन रांगा लावून मधल्या पोकळीत माती ठासून भरत. आता बरेच बरगे लोखंडी आहेत आणि कडेला रबरी पट्टी असते. गळती तरीही होतेच. शिवाय लोखंडाला भंगारात भाव असल्यानं पावसाळ्यात काठावर रचून ठेवलेल्या बरग्यांवर चोरांचा डोळा असतो. लाकडाचे बरगे कुजायचे. हे नाहीसे होतात.

यातली खरी अक्कल बरगे घालण्यात नाही, काढण्यात आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या नद्या चार महिन्यांत वर्षाचं पाणी आणतात आणि त्या पाण्याबरोबर गाळ आणतात. कायमची भिंत घातली तर गाळ तिच्यामागं साचतो, पाणी रानात पसरतं, जमीन बुडते. बरगे काढून ठेवले की उरतात ते नुसते खांब. पूर गाळासकट त्यांच्यामधून आणि त्यांच्यावरून निघून जातो. पावसाळा सरता सरता बरगे घातले की तेच पात्र तलाव होतं, तेही एक एकर जमीन संपादित न करता. विस्थापनाचा प्रश्नच येत नाही. पाणी नदीच्या दोन काठांतच राहतं.

मग सगळा खेळ तारखांचा. ऑक्टोबरमध्ये नदीतलं पाणी रोज कमी होत असतं आणि अडवायला जितका उशीर तितकं पाणी कर्नाटकात. घाई केली आणि परतीचा पाऊस जोरात आला, तर बरग्यांवर झाडांचे ओंडके येऊन अडकतात. पाण्याला पुढं वाट मिळत नाही, म्हणून ते बाजूनं वाट काढतं. बंधारा जागेवर उभा राहतो आणि त्याच्या शेजारचा मातीचा भराव, कधी कुणाच्या शेताचा काठ, वाहून जातो. जूनमध्ये याच्या उलट. बरगे लवकर काढावेत तर पाऊस लांबला की मोटरी उघड्या पडतात. थांबावं तर पहिलाच पूर घात करतो. वळीव चांगला झाला की माणसं काढायची घाई करतात आणि मग जून कोरडा गेला की त्यांनाच बोल बसतो. या निर्णयासाठी यंत्र नाही. पाटबंधारे खात्याची माणसं, ठेकेदाराचे मजूर आणि आभाळाकडं बघणारे शेतकरी मिळून तो घेतात आणि काही वेळा तो चुकतो.

उन्हाळ्यात पाटगावमधून आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटतं. पाणी आधी वरचा बंधारा भरतं, त्यावरून सांडून दुसरा, मग तिसरा. त्यामुळं वरच्या गावाला पाणी आधी, खालच्याला नंतर, आणि मधल्या प्रत्येक फुगवट्यावर मोटरी चालूच. शेवटच्या गावापर्यंत पाणी पोचावं म्हणून काही दिवस उपसाबंदी लावावी लागते. पाणी नदीतूनच फिरत असल्यानं कालवा खोदावा लागला नाही, ही या पद्धतीची मोठी बचत. पण कालव्याला दारं असतात, नदीला नसतात. कुणी किती उचललं हे मोजणं कालव्यापेक्षा इथं कितीतरी अवघड.

हे पाणी गेलं कशात, हे सांगायला नको. बिद्रीच्या मौनीनगरात दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. दोन नद्यांची नावं एका कारखान्याच्या पाटीवर. कधी काळी पावसाच्या भातावर आणि नाचणीवर जगणाऱ्या काठच्या गावांना या बंधाऱ्यांनी बारमाही केलं. हातात पैसा आला, पोरं शिकली. त्यातली काही गारगोटीतच शिकली. डॉ. जे. पी. नाईक यांच्या प्रेरणेनं इथं मौनी विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच्या छायेत स्थापत्य व ग्रामीण अभियांत्रिकी शिकवणारी पदविका संस्था. खेड्याला लागणारा अभियंता खेड्यातच घडवावा, ही कल्पना. बंधाऱ्याच्या आराखड्यातही मला तोच विचार दिसतो: गावच्या गवंड्याला, सुताराला कळेल एवढंच तंत्र.

बंधाऱ्यानं आणखी एक काम न सांगता केलं. त्याच्या माथ्यावरून माणसं, सायकली, उसाच्या ट्रॉल्या जाऊ लागल्या. अनेक गावांची पलीकडच्या गावाशी सोयरीक, शाळा, बाजार याच अरुंद फरशीवर जमलेला. म्हणून तर ‘बंधारा पाण्याखाली’ ही पाण्याची नव्हे, रस्त्याची बातमी असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात याच वेदगंगेनं निपाणीजवळ यमगर्णीला पुणे-बंगळूर महामार्गही बंद पाडला होता.

त्रुटी आहेतच. थांबलेल्या पाण्यात सांडपाणी साठतं आणि खतांचा अंश उतरतो; उन्हाळ्यात काही ठिकाणी पाण्याला हिरवट वास येतो. पुरात चढणारे मासे पावसाळा संपताच डबक्या-डबक्यांत अडकतात. गळती, बरगेचोरी आणि तारखांची धांदल यांना कंटाळून राज्यात अनेक ठिकाणी को. प. बंधाऱ्यांचे बॅरेज करावेत असं धोरण पुढं आलं. म्हणजे वर उचलायचे लोखंडी दरवाजे, मोटर आणि ते चालवणारी वीज. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण सह्याद्रीच्या कुशीत अतिवृष्टीच्या रात्री वीज जाते हे गारगोटीच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे, आणि अर्धा उघडलेला दरवाजा काढून ठेवलेल्या बरग्यापेक्षा जास्त धोक्याचा.

अलीकडं चर्चा दुसरीच आहे. पाटगावच्या पाण्यावर घाटाखाली अंजिवडे परिसरात २१०० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प करायचं ठरलं आणि भुदरगडातून त्याला विरोध सुरू झाला. बाजूनं बोलणारे सांगतात, पाणी एकदाच भरायचं, मग तेच खाली सोडायचं आणि तेच वर चढवायचं. नासाडी फक्त बाष्पीभवनाची. काठावरचा शेतकरी हे ऐकून घेतो आणि हिशेब वेगळा मांडतो. पहिली भरणी कोणत्या वर्षी करणार? ते वर्ष कमी पावसाचं निघालं तर? एप्रिल-मेच्या पाळ्या कोण ठरवणार? त्याच्या गावच्या बंधाऱ्याला पाणी येतं ते पाटगावच्या पाळीपत्रकावर, आणि ते पत्रक आजवर फक्त या खोऱ्यासाठी निघत आलं आहे.