थंडीतला नेम मोडू नये म्हणून

कार्तिक लागला की आपल्या किनारपट्टीची हवा पालटते. पावसाळाभर खवळलेला समुद्र शांत होतो, पहाटे गोधडी अंगावर ओढून घ्यावीशी वाटते आणि चिवल्याच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या डोक्यात नवा संकल्प. पौष उजाडेपर्यंत मात्र यातले निम्मे चेहरे दिसेनासे होतात. नव्याचे नऊ दिवस ही म्हण व्यायामाला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशालाच पडत नसेल.

वाचकहो, हे मी कुणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतःच या आरंभशूरांच्या पंगतीत बसलो होतो.

त्याचे असे झाले. गणपतीच्या दिवसांत आम्ही सात-आठ जणांनी एक बेत केला. जानेवारीच्या अखेरच्या रविवारी ७५० मीटर पोहायचे, लगेच २० किलोमीटर सायकल चालवायची आणि लगेच ५ किलोमीटर धावायचे. या तीन अंगांच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. आमचे अंतर त्यातले लहान. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो याच्या दुप्पट अंतराने. १९७८ साली हवाई बेटांवर झालेल्या पहिल्या ‘आयर्नमॅन’ शर्यतीत तर ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटर धावणे होते. पंधरा जण उतरले, बारा जणांनी ती पुरी केली. २०१९ साली पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर याच्या निम्म्या अंतराची शर्यत झाली, तेव्हा हे वेड आपल्या दाराशी येऊन पोचले.

आमच्या बेतात एक अट होती. प्रत्येकाने ओळखीच्यांकडून शर्यत पुरी करण्याच्या बोलीवर देणगीचे शब्द घ्यायचे आणि जमा रक्कम गावातल्या डायलिसिसच्या रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी द्यायची. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राला जोडून घ्यावे लागते. एकेका खेपेला साधारण चार तास जातात. उपचार सरकारी योजनेत बसला तरी जाण्यायेण्याचा खर्च आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज यांचा भार घरावर पडतोच.

शब्द भराभर मिळाले. दिवाळीच्या पाडव्याला सराव सुरू झाला. आणि मार्गशीर्षात तो बंद पडला! शर्यत झाली नाही, म्हणून देणग्या मागायलाही तोंड उरले नाही. फेब्रुवारीत एका डायलिसिसच्या रुग्णाची बायको औषध न्यायला दवाखान्यात आली. जाता जाता तिने सहज विचारले, “डॉक्टरांनू, तुमचा ता धावूचा काय झाला?” तिच्या विचारण्यात तक्रार नव्हती. मला मात्र उत्तर देता आले नाही.

नेम का मोडतो?

आम्ही पुन्हा बसलो तेव्हा प्रत्येकाने एकच कारण सांगितले: थंडी. पण आपली थंडी ती केवढी! परदेशातले खेळाडू बर्फ पडत असताना सराव करतात. आपल्याकडे पहाटेच्या हवेपेक्षा समुद्राचे पाणीच उबदार असते. मग डायरी उघडून एकेक चुकलेला दिवस तपासला आणि खरा चोर सापडला. हिवाळा हा आपल्या जिल्ह्यात जत्रांचा हंगाम. गावोगाव दहीकाले, रात्रभर दशावतार, त्यातच लग्नसराई. डिसेंबरअखेर पर्यटकांची झुंबड उडते, तेव्हा होडीवाले आणि घरगुती निवासवाले यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ज्यांच्या बागा आहेत त्यांची आंब्याच्या मोहोरावर फवारणी. अशा जागरणानंतर दुसऱ्या दिवशीचा सराव चुके. मग ‘उद्या दुप्पट करू’ म्हणून घाई होई, गुडघा दुखे आणि आठवडा जाई. आठवडा गेला की लाज वाटे, आणि लाजेपायी माणूस किनाऱ्यावर फिरकत नसे.

यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले एक संशोधन उपयोगी पडते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांपर्यंतचा अवधी लागला, बाकीच्यांना त्याहून जास्त. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी २५४ दिवसांचा अंदाज निघाला. म्हणजे पाडव्याला सुरू केलेला नेम मुरायला संक्रांत उजाडते. त्या आधी तो जड वाटला तर आपल्यात काही खोट आहे असे समजू नये. आणि महत्त्वाची गोष्ट ही की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. चुकलेल्या दिवसापेक्षा चुकल्याची लाजच जास्त नुकसान करते.

आम्ही काय बदलले?

गेल्या वर्षी पुन्हा पाडव्यालाच सुरुवात केली. मनाचा निर्धार तोच होता, बदलली ती व्यवस्था.

पहिली गोष्ट, भिंतीवरच्या कालनिर्णयावर आधी जत्रा, लग्ने आणि कामाचे दिवस लिहिले. आंगणेवाडीच्या जत्रेसारखी कौल लावून ठरणारी तारीख कळताच तीही नोंदवायची ठरले. उरलेल्या जागी सराव बसवला. जागरणानंतरची सकाळ ही ठरलेली सुट्टी. रात्रभर नाटक पाहून सायकलवर बसणे अपघाताला आमंत्रण आहे.

दुसरी गोष्ट, कमीत कमी किती हे ठरवले: दहा मिनिटे. उत्साह नसेल त्या दिवशीही कपडे घालून दहा मिनिटे चालायचे. तेवढ्याने नको वाटले तर खुशाल घरी परत या. बहुतेक वेळा माणूस परत येत नाही, पुढेच जातो. एक दिवस चुकला तर माफ, मात्र तापाचे दुखणे सोडून लागोपाठ दोन दिवस चुकवायचे नाहीत. आणि चुकलेला सराव दुसऱ्या दिवशी भरून काढायचा नाही.

तिसरी गोष्ट, जोड्या केल्या. नाक्यावर कुणीतरी थंडीत उभा आहे ही जाणीव घड्याळाच्या गजरापेक्षा लवकर उठवते. घरच्यांनाही आधी विचारले. पहाटे पाचला भांड्यांचा आवाज करून सगळ्यांची झोप मोडणाऱ्याचा नेम घरातूनच मोडला जातो.

चौथी गोष्ट देणगीची. मागच्या वर्षी शब्द घेतले होते, या वेळी वही घातली. एका पानावर देणगीदार आणि रक्कम, समोरच्या पानावर आमचा आठवड्याचा सराव. ही वही दर रविवारी एका दुकानाच्या गल्ल्यावर उघडी ठेवत असू. येणारा-जाणारा वाचे आणि टोमणेही मारी. त्या टोमण्यांनी मोठे काम केले.

आठवड्याचा आराखडा

नव्याने सुरू करणाऱ्याने दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती असा क्रम ठेवावा. सुरुवातीला प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटे पुरेत. शेजारच्याशी बोलता येईल इतपतच वेग असावा, बोलताना धाप लागली तर हळू व्हावे. दर आठवड्याला थोडेच वाढवावे आणि प्रत्येक चौथा आठवडा हलका ठेवावा. शेवटच्या सहा आठवड्यांत एकदा सायकलवरून उतरून लगेच दहा मिनिटे धावून पाहावे. त्या वेळी पाय लाकडासारखे वाटतात, त्याची आधी ओळख झालेली बरी.

धावायला ओहोटीची ओली, घट्ट वाळू उत्तम. पण ती रोज एकाच वेळी मिळत नाही, कारण भरती-ओहोटी दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. जुन्या लोकांचा ढोबळ हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सकाळी सहाला भरती, म्हणून त्या दिवशी रस्त्यावर धावावे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास त्याच वेळी ओहोटी मिळेल. वेळ तीच ठेवावी, जागा बदलावी. किनारा पाण्याकडे उतरता असतो, म्हणून जितके जाल तितकेच त्याच वाटेने परत या, म्हणजे एकाच पायावर ताण येणार नाही. सायकलला तारकर्लीचा सपाट रस्ता सुरुवातीला बरा, आचऱ्याकडचे चढउतार नंतर. हेल्मेट आणि पुढे-मागे दिवा हवाच.

समुद्राशी मस्करी नको

अमेरिकेतल्या ट्रायथलॉन शर्यतींमधील १९८५ ते २०१६ या काळातील मृत्यू तपासले तेव्हा बहुतांश घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्याचे दिसले. डिसेंबरात चिवल्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते तेव्हा बचावाची व्यवस्था असते. आपल्या रोजच्या सरावाला ती नसते. म्हणून कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी एकट्याने पाण्यात उतरू नका. किनाऱ्याला समांतर पोहा, डोक्यावर भडक रंगाची टोपी घाला, पर्यटकांच्या होड्यांपासून लांब राहा आणि उतरण्यापूर्वी तिथल्या मच्छीमार बांधवांना पाण्याची ओढ विचारा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे सराव करू नये. ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध झगडू नका, किनाऱ्याला समांतर सरकत बाहेर पडा.

चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी आणि अनवाणी धावू नये. छातीत दाब, घेरी किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवल्यास तिथेच थांबावे. नुसती सर्दी असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर पूर्ण विश्रांती घ्यावी.

खाण्यासाठी डब्यातल्या महागड्या पावडरींची गरज नाही. जाण्यापूर्वी एक केळे, आल्यावर उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, जेवणात मासे किंवा कुळथाची पिठी, रात्री नाचणीची भाकरी. थंडीतही घाम जातो, तो कोरड्या हवेत लक्षात येत नाही. म्हणून पाणी पीत राहावे.

कुणासाठी?

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आदिवासींच्या दृष्टीसाठी मदत उभी करण्याचे उद्दिष्ट त्यांनी त्या शर्यतीला जोडले होते. स्वतःच्या पोटाचा घेर कमी करण्याचा संकल्प मोडला तर कुणाचे काही बिघडत नाही. दुसऱ्यासाठी शब्द दिला की तो मोडताना हात अडखळतो. दानासाठी केलेल्या व्यायामाचा हा दुहेरी फायदा आहे.

गेल्या जानेवारीत आमची शर्यत झाली. आठांपैकी सहा जण शेवटपर्यंत पोचले. मी सहावा. दोघांनी मधूनच सोडले, तरी त्यांच्या देणगीदारांनी पैसे दिले. तीन रुग्णांच्या काही महिन्यांच्या प्रवासाची सोय झाली. रक्कम फार मोठी नव्हती.

मार्गशीर्षात एका पहाटे मी किनाऱ्याकडे निघालो होतो. उठताना जिवावर आले होते. एसटी स्टँडवर तोच रुग्ण बायकोसोबत पहिल्या गाडीची वाट पाहत बाकावर बसला होता, कानाला मफलर गुंडाळून. म्हणाला, “डॉक्टरांनू, थंडी पडली हां!” आणि गाडी लागताच चढला. जत्रा असो, लग्न असो, त्याचा वार चुकत नाही, त्याला चुकवता येत नाही. मी पुढे चालू लागलो. त्या दिवशी दहा मिनिटांचा नियम वापरावा लागला नाही.

यंदाची वही आम्ही घातली आहे. आपल्या गावात अशी वही नसेल तर चार जण मिळून घाला. आज रात्री कालनिर्णयावर जत्रा लिहून काढा आणि उद्या सकाळी दहा मिनिटांनी सुरुवात करा.