राजगृह ते चैत्यभूमी : एकदा पायी चालून बघा

६ डिसेंबरला आपण दादरला येतो. गाडीतून उतरतो, तासन् तास रांगेत उभे राहतो, चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करतो, शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून ऐपतीप्रमाणे पुस्तके घेतो आणि परतीची गाडी पकडतो. लाखो लोकांचा हा शिस्तबद्ध सागर जगात दुसरीकडे पाहायला मिळणार नाही. परंतु या धावपळीत आपण दादर पाहतो काय? ज्या रस्त्यांवर आपला इतिहास घडला, त्या रस्त्यांवरून आपण जातो. पण ते रस्ते आपल्याला ठाऊक आहेत काय?

हा प्रश्न मला पडला तो एका रविवारी. मुंबईत हल्ली ‘हेरिटेज वॉक’ची पद्धत आहे. पैसे भरायचे आणि एका माहीतगाराच्या मागे फिरायचे. मीही पैसे भरले. वाटाड्या तरुण मुलगा होता, अभ्यासू होता. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट कसा स्थापन झाला, दादर-माटुंग्याची आखीव वसाहत कशी उभी राहिली, पारशी कॉलनीतल्या बागा, गोलाकार बाल्कन्या, सारे त्याने छान सांगितले. हिंदू कॉलनीत आम्ही राजगृहाच्या अगदी जवळून गेलो. तो एक शब्द बोलला नाही. मी विचारले तर म्हणाला, “सर, ते आपल्या रूटमध्ये नाही.”

त्याच्यावर राग धरून उपयोग नव्हता. आपला रूट आपणच आखायला हवा, एवढे मात्र त्या दिवशी कळले. पुढच्या महिन्यात बायको-मुलांना घेऊन मी तो आखला. साधा गर्दी नसलेला दिवस निवडावा, सकाळी लवकर निघावे. तीन-चार किलोमीटरची वाट आहे. थांबत थांबत गेलो तरी दुपारपर्यंत होते.

सुरुवात राजगृहापासून. १९३०च्या दशकाच्या प्रारंभी बाबासाहेबांनी हे घर बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. नाव दिले मगधाच्या प्राचीन राजधानीचे. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत ज्याचा संसार आणि अभ्यास चालला, त्या माणसाने घर बांधताना पहिला विचार पुस्तकांचा केला, हे मुलांना तिथे उभे करून सांगा. याच घरात २७ मे १९३५ रोजी माता रमाईंनी शेवटचा श्वास घेतला. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ साली प्रसिद्ध झाले तेव्हा बाबासाहेबांचा मुक्काम इथेच होता. आणि ७ जुलै २०२० रोजी याच घराच्या आवारात शिरून कुंड्यांची, कॅमेऱ्यांची तोडफोड झाली, हेही सांगा. घर अजून कोणाच्या तरी डोळ्यांत खुपते, याचा अर्थ ते जिवंत आहे.

तिथून गोकुळदास पास्ता मार्गावर आंबेडकर भवनाच्या जागेकडे या. ‘बुद्धभूषण’ छापखाना इथलाच. १९३०चा ‘जनता’ १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ झाला, तो आपल्या माणसांनी स्वतःचा छापखाना चालवला म्हणून टिकला. २५ जून २०१६ रोजी पहाटेच्या अंधारात ही वास्तू पाडली गेली. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. मोर्च्याने संताप दाखवला. पण पडलेली भिंत मोर्च्याने परत येत नाही. यावर पुढे बोलतो.

दादर हे नाव निघाले की आणखी एक तारीख मुलांना सांगावी. ३१ मे १९३६. येवल्याच्या घोषणेला आठ महिनेही झाले नव्हते. मुंबई इलाखा महार परिषद दादरला भरली आणि बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केले. धर्मांतर का करायचे, याचा सगळा हिशेब त्यांनी समाजापुढे मांडला. नागपूरची दीक्षाभूमी आपल्याला पाठ आहे; तिच्या वीस वर्षे आधीचा हा टप्पा दादरचा आहे.

आता टिळक पूल ओलांडून पश्चिमेला उतरा. कबुतरखान्याकडून निघणाऱ्या रस्त्याची पाटी थांबून वाचा : एस. के. बोले मार्ग. रोज हजारो लोक या रस्त्याने सिद्धिविनायकाला जातात. बोले कोण, हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल? रावबहादूर सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले नेते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा ठराव त्यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने त्या आधारे चवदार तळे खुले केले. कागदावर खुले झालेले ते तळे प्रत्यक्षात खुले करण्यासाठी २० मार्च १९२७चा सत्याग्रह करावा लागला. सनातन्यांनी दावा लावला. तो खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. वकील म्हणून सांगतो, ठराव, सत्याग्रह आणि निकाल ही साखळी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली पाहिजे. तिचे पहिले टोक या रस्त्याच्या पाटीवर आहे.

याच रस्त्यावर पोर्तुगीज चर्च आहे. १५९६ सालचे मूळ, आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखलेली. प्रत्येक हेरिटेज वॉक तिथे थांबतो, थांबावेही. आपण मात्र शेजारच्या गोखले रोडकडे तोंड करून उभे राहावे.

७ डिसेंबर १९५६. दिल्लीहून विमानाने आणलेला बाबासाहेबांचा पार्थिव देह राजगृहात ठेवला होता. दुपारी महायात्रा निघाली. व्हिन्सेंट रोड, म्हणजे आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, मग परळ, एल्फिन्स्टन पूल, गोखले रोड आणि शेवटी दादर चौपाटी. माझे वडील तेव्हा अकरा वर्षांचे. आजोबा गिरणी कामगार. त्यांनी पोराला खांद्यावर घेतले होते. वडील एवढेच सांगत, “माणसं रडत होती आणि रस्ता दिसत नव्हता.” कुठे उभे होता, कोणत्या नाक्यावर, हे मी कधी विचारले नाही. आज वडील नाहीत. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी तासन् तास घेणारा मी. घरातला साक्षीदार तसाच जाऊ दिला.

त्या यात्रेने ओलांडलेला एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. जुना पूल कधीतरी पाडावाच लागतो, त्याला हरकत नाही. पण ‘या पुलावरून बाबासाहेबांची अंत्ययात्रा गेली’ अशी एक पाटी तिथे कधी होती काय?

गोखले रोडने उत्तरेला चालत शिवाजी पार्क गाठा. १९२५ साली महापालिकेने खुले केलेले हे मैदान. १९२७पर्यंत त्याला माहीम पार्क म्हणत. पुढे समुद्राच्या दिशेने चैत्यभूमी. इथे ७ डिसेंबरला भदन्त आनंद कौसल्यायन यांच्या उपस्थितीत अग्निसंस्कार झाला आणि तिथेच लाखाहून अधिक लोकांनी धम्मदीक्षा घेतली. दुःखात बुडालेल्या समाजाने त्याच जागी पुढचे पाऊल टाकले! ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते स्तूपाचे उद्घाटन झाले. गर्दी नसताना सांचीच्या धर्तीवरचे तोरण आणि अशोकस्तंभाची प्रतिकृती निवांत पाहता येते. दक्षिणेला इंदू मिलची जागा. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते तिथे आत शिरले, तेव्हा कुठे सरकार हलले. भूमिपूजनाला ११ ऑक्टोबर २०१५ उजाडला.

वाट इथे संपते. आता भवनाचा मुद्दा. मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५पासून नियमावली आहे. यादीत नाव असेल तर वास्तूला हात लावण्याआधी परवानगी लागते. पण यादीत नाव येते ते कागदाच्या बळावर. आपला इतिहास बंगल्यांत घडला नाही. चाळीत, मैदानात, छापखान्यात घडला. त्याचे कागद कोणी जपले? कोर्टात आम्ही पहिल्याच दिवशी शिकतो : रेकॉर्डवर नाही ते नाहीच.

म्हणून प्रत्येक विहारातल्या तरुणांना विनंती आहे. आपल्या वस्तीत १९५६ पाहिलेली जी थोडी माणसे उरली आहेत, त्यांच्यापाशी बसा. कुठे उभे होता, काय पाहिले, सोबत कोण होते, सारे तारीख घालून लिहून घ्या, सही घ्या. जुने फोटो, हँडबिले, पावत्या यांच्या प्रती काढा. महायात्रेच्या मार्गावर पाट्या लावाव्यात म्हणून वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि हे सारे करण्याआधी, एकदा मुलांचा हात धरून राजगृह ते चैत्यभूमी चालून बघा.

येत्या ६ डिसेंबरला रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुम्हीच ही वाट सांगाल. जयभीम!