आईवडिलांचा धर्म सोडला, मग त्यांचा मान राखला का? पंडिता रमाबाईंची गोष्ट

बारामती आणि इंदापूरला लागूनच दौंड तालुका आहे. तिथल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी सुरू केलेलं मुक्ती मिशन आजही चालू आहे. रमाबाई मूळच्या डोंगरे, शास्त्र्यांच्या घरातल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. आईवडिलांचा मान राखा, ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक (बहुतेक प्रोटेस्टंट तिला पाचवी मोजतात, कॅथलिक चौथी). मग आईवडिलांचा धर्मच सोडणाऱ्या मुलीने ती पाळली, असं म्हणता येईल का?

ही आज्ञा लहान मुलांना ‘मोठ्यांचं ऐका’ अशी शिकवली जाते. पण तिचा रोख कमावत्या मुलांकडेही आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, ‘हे देवाला अर्पण केलंय’ असं सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशू फटकारतो. भक्तीची सबब चालत नाही. तोच येशू लूकच्या शुभवर्तमानात शिष्यांना सांगतो, की माझ्यामागे यायचं तर आईबापही दुय्यम. गाठ इथेच पडते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लक्ष्मीबाईंनी ते मुलीला शिकवलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आधी वडील गेले, मग काही आठवड्यांत आई. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत होती, म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली. बायकांनी खांदा द्यायची रीत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

धर्मांतराच्या वेळी आईवडील हयात नव्हते, हे मात्र विसरू नये. बाबा पदमनजींसारख्यांना घरच्यांचं दुःख समोर बघावं लागलं, तो प्रसंग रमाबाईंवर आला नाही. तरी १८८७ मध्ये, ख्रिस्ती झाल्यावर चार वर्षांनी, हिंदू उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक त्यांनी आईच्या स्मृतीला अर्पण केलं. त्या पुस्तकात हिंदू रूढींवर कडक टीका आहे. पुढे स्वतःच्या श्रद्धेबद्दल लिहिताना आईवडिलांच्या तीर्थयात्रा व्यर्थ गेल्या असं त्यांनी मांडलं, पण वडिलांबद्दल लिहिताना आदर सुटला नाही.

केडगावच्या कामात पुढे त्यांची मुलगी मनोरमा उजवा हात बनली. १९२१ मध्ये ती आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत.