केरीचा आयर्न मॅन

१९५८. आयर्लंडच्या ‘रॉस टालचन’ या आठ दिवसांच्या सायकल शर्यतीत केरी काउंटीच्या मिक मर्फीच्या सायकलचं मागच्या चाकाचं फ्रीव्हील भर रस्त्यात निकामी झालं. मदतीची गाडी जवळ नव्हती. रस्त्याकडेला एका शेतकऱ्याची सायकल दिसली. मर्फीनं ती उचलली आणि पुढे गेलेल्यांचा पाठलाग सुरू केला. दुसरी शर्यतीची सायकल मिळेपर्यंत तो त्याच जड सायकलवर पेडल मारत राहिला. पुढे पडून त्याचा खांदा दुखावला, तरीही शर्यत त्यानंच जिंकली.

हा पराक्रम किती अवघड, हे समजायला शर्यतीचं गणित माहीत हवं. सगळ्या टप्प्यांची वेळ एकत्र धरतात आणि ती सर्वांत कमी असेल तो विजेता. घोळक्यात मागे राहिलं की पुढचे वारा अडवतात, बरीच ताकद वाचते. एकट्यानं पाठलाग करणाऱ्याला मात्र सगळा वारा स्वतःच्या छातीवर घ्यावा लागतो.

मर्फी काहरसिव्हीन परिसरातला, शेतमजुरी करणारा. हाताशी प्रशिक्षक नाही, पैसा नाही. घरीच बनवलेली वजनं उचलून त्यानं शरीर कमावलं. सर्कशीच्या कसरती शिकला, आगीचे खेळ करून चार पैसे मिळवले. तो गाईचं रक्त प्यायचा, कच्चं मांस खायचा, असं सांगतात. त्याला ‘आयर्न मॅन’ही म्हणत. पण त्याला जिंकवलं ते त्याच्या शिस्तबद्ध, एकट्यानं केलेल्या मेहनतीनं.

मग असा खेळाडू ऑलिंपिकला का गेला नाही? कारण राजकारणात होतं. त्याची संघटना, नॅशनल सायकलिंग असोसिएशन, संपूर्ण आयर्लंड बेट आपलं कार्यक्षेत्र मानत होती. आंतरराष्ट्रीय महासंघाला मात्र राजकीय सीमेप्रमाणे संघटना हव्या होत्या. संघटनेनं ब्रिटनचा भाग असलेलं उत्तर आयर्लंड सोडायला नकार दिला आणि तिच्या खेळाडूंना आंतरराष्ट्रीय शर्यतींची दारं बंद झाली. याच संघटनेच्या जो क्रिस्टल यांनी १९५३ मध्ये ‘रॉस’ सुरू केली. पहिल्या वर्षी ती डब्लिन ते वेक्सफर्ड आणि परत अशी दोन दिवसांचीच होती. पुढे काउंट्यांचे संघ एकमेकांशी भिडू लागले आणि गावोगावचे लोक रस्त्यावर येऊ लागले. जगाचा रस्ता बंद असलेल्या हौशी सायकलपटूंसाठी हेच सर्वांत मोठं मैदान ठरलं.

मर्फीनं नंतर देश सोडला आणि तो परदेशात बांधकामांवर राबला. २०१५ मध्ये त्याचं निधन झालं.

दरम्यान सीमेचा हा वाद निवळत गेला होता. १९७९ मध्ये हौशी स्टीफन रोशनं हीच ‘रॉस’ जिंकली आणि १९८७ मध्ये तो टूर द फ्रान्सचा विजेता झाला. मर्फीला तशी वाट कधी मिळालीच नाही. म्हणून त्याची गोष्ट सांगताना रक्त पिण्याच्या दंतकथेपाशी थांबणं त्याच्यावर अन्याय आहे. सीमेच्या वादात खेळाडूंची उमेदीची वर्षं कशी वाया जातात, हेही त्या गोष्टीत सांगितलं गेलं पाहिजे.